ओली नाळ

गडहिंग्लजमध्ये चौगुले सिस्टरना न घाबरणारी माणसं म्हणजे फक्त नुकती जन्मलेली बाळं. बाकी झाडून सगळे घाबरायचे. बाळंतिणीच्या खोलीकडं येणारा माणूस सासरा असो, नगरसेवक असो, नाहीतर पेढ्यांचा पुडा घेऊन आलेला मामा असो, सिस्टर दारातच आडव्या यायच्या आणि विचारायच्या, "हात धुतलेस का?" नुसतं "व्हय, धुतले की" म्हणून भागायचं नाही. हात पुढं करावे लागायचे आणि ते ओले दिसावे लागायचे.

नर्सची सगळी नोकरी त्यांनी एकाच गोष्टीवर भांडण्यात घालवली होती, ती म्हणजे बाळाची नाळ. कुणी तिला हळद लिंपायचं, कुणी करवंटीची राख, कुणी एरंडेल. एका शहाणीनं तर चक्क टूथपेस्ट लावली होती. सिस्टर घरोघर जाऊन ते सगळं पुसून काढायच्या आणि वर चार शब्द सुनवायच्या. "नाळेला काही म्हणजे काही लावायचं नाही. कोरडी ठेवायची, उघडी ठेवायची, लंगोट तिच्या खाली दुमडायचा. वाळती आणि गळून पडती आपोआप." गावातल्या बायका त्यांची नक्कल करायच्या तीसुद्धा याच वाक्यानं. पण ऐकायच्या. नाळ पिकून बाळ दगावणं तालुक्यात बंद झालं ते या तोंडामुळं, असं लोक म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर सिस्टरनाही ते पटलेलं होतं.

मग सिस्टर निवृत्त झाल्या, नवरा गेला, गुडघे कुरकुरायला लागले, आणि जग आपलं पुढं सरकत राहिलं. नाळेला टोपी आली.

ही टोपी अंगठ्याच्या पेराएवढी, पांढऱ्या रबराची. सिस्टरची लेक ईश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली, आणि कार्तिकी नावाच्या नर्सनं जन्मल्या जन्मल्या पोरीच्या नाळेवर टोपी चढवली. याच कार्तिकीला ती तान्ही असताना सिस्टरनी ट्रिपलचं इंजेक्शन टोचलं होतं. त्यामुळं कार्तिकी बोलायला लागली की सिस्टरना ती अजून दुपट्यातच आहे असं वाटायचं.

"ताई, नीट ऐका हं," कार्तिकी ईश्वरीला सांगत होती. "काही बाळांच्या हृदयाची झडप जन्मतःच अरुंद असते. हृदयातून सगळ्या अंगाला रक्त नेणारी जी मोठी नळी, तिच्या तोंडाशी ही झडप. तिच्या पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या असल्या तर टाचणीएवढं भोक उरतं. पहिले काही दिवस कळतसुद्धा नाही, कारण पोटात असतानाची एक आडवाट अजून उघडी असते आणि रक्त तिकडून वळसा घालून अंगाला मिळतं. ती आडवाट मिटली की मात्र बाळ बघता बघता पांढरं पडतं."

"मग?" ईश्वरीनं विचारलं.

"मग फुगा. केसासारखा बारीक धागा रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत न्यायचा, टोकावरचा फुगा झडपेत फुगवायचा, पाकळ्या सुटतात. पूर्वी हा धागा मांडीतून घालायचे. एवढ्याशा जिवाची मांडीतली धमनी शेवयीएवढी, पाय अधू व्हायची भीती असायची. नाळेतल्या धमन्या म्हणजे तयार रस्ता, थेट हृदयाकडं जाणारा. फक्त नाळ वाळली की तो बंद होतो. टोपीतलं औषध नाळ ओली ठेवतं, धमन्या मिटू देत नाही. एक आठवडा टोपी काढायची नाही. धागासुद्धा टोपी न काढता तिच्या तोंडातूनच आत सोडतात."

आणि झडप अरुंद आहे हे कळायचं कसं? त्यासाठी झबलं होतं. दिसायला साधं, सुती, कडेला पिवळी बदकं. पण त्याच्या धाग्यांमध्ये विणलेले बारीक कान बाळाच्या हृदयाचा आवाज रात्रंदिवस ऐकत राहायचे. काही बिनसलं की झबलं स्वतःच दवाखान्याला कळवायचं.

सिस्टर हे सगळं कोपऱ्यात बसून ऐकत होत्या, म्हणजे ऐकल्यासारखं करत होत्या. झबलं त्यांना आवडलं. टोपी काही आवडली नाही. असली नवी खुळं त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिली होती. येतात आणि जातात.

ईश्वरी घरी आली. बाळाचं सगळं सिस्टर करायच्या, "तू झोप, मी आहे" म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला पुसायला घेतलं तेव्हा टोपीच्या कडेनं चिकट पाणी झिरपलेलं दिसलं. बेंबीभोवतीची कातडी ओली, लालसर झाली होती.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वाडीवर सिस्टरनी असंच ओलं, चिघळलेलं बेंबाट पाहिलं होतं. त्या बाळाची मूठ आवळलेली होती, जबडा आवळलेला होता, आणि सिस्टरच्या मांडीवर ते धनुर्वातानं गेलं होतं. त्यानंतर ओली नाळ दिसली की त्यांचे हात डोक्याला विचारायला थांबत नसत. आताही थांबले नाहीत. टोपी काढली. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून सगळं स्वच्छ पुसलं, कोरडं केलं, लंगोट खाली दुमडला, नाळ वाऱ्याला उघडी ठेवली. बाळ शांत झोपलं. सिस्टरना फार बरं वाटलं. नातीची नाळ आपल्या हातानं सांभाळली, आता आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवशी कार्तिकी तपासायला आली, तोवर नाळ मिरचीच्या वाळलेल्या देठासारखी झाली होती. फाटक वाजलं तशी सिस्टरनी वाटीत ठेवलेली टोपी उचलली आणि पटकन बसवून टाकली. त्या पोरीशी कोण हुज्जत घालणार? कार्तिकीनं वरवर बघितलं, टोपी जागेवर होती. झबल्याला कान होते, टोपीला बिचारीला काहीच नव्हतं.

त्याच दुपारी झबलं वाजलं.

पोरगी सकाळपासून नीट पीत नव्हती. ईश्वरी म्हणाली, "आई, हिचे पाय बघ गं, किती गार लागतायत." सिस्टरनी पाय हातात घेतले. मग बोटं मांडीच्या सांध्यात दाबून नाडी शोधली. नाडी लागेना. त्या फोनकडं वळेपर्यंत दारात दवाखान्याची गाडी उभी राहिली होती.

दवाखान्यात बाळाला चुंबकी पाळण्यात ठेवलं. दोन बाजूंना दोन मोठे गोल चुंबक आणि मध्ये ती एवढीशी पोर. समोरच्या पडद्यावर कोल्हापूरहून डॉक्टर मगदूम दिसत होते, पन्नाशीचे, अर्धवट पिकलेल्या दाढीचे. कोल्हापुरात बसून हे चुंबक फिरवायचे, धागा हृदयापर्यंत न्यायचा आणि झडपेत फुगा फुगवायचा, यात त्यांचा हातखंडा होता.

"ईश्वरीताई, घाबरू नका," ते म्हणाले. "झडप अरुंद आहे, आणि आडवाट मिटायला लागलीय. ती उघडी ठेवणारं औषध हाताच्या शिरेतून चालू केलंय, त्यानं थोडा वेळ मिळेल. पण झडप आजच मोकळी करायला हवी. कार्तिकी, टोपी जन्मापासून आहे ना?"

"आहे सर. सकाळीच बघून आले मी."

"छान. मग रस्ता मोकळा आहे. धागा लावून घ्या."

सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

बोलायला हवं होतं. पण मनात भलतंसलतं येऊ लागलं. कदाचित आतून अजून उघडी असेल. कदाचित धागा जाईलही. नाहीच गेला तर यंत्राचा दोष म्हणतील, कोण विचारणार आहे? आणि बोलायचं तर कुणासमोर? कालच्या पोरीसमोर, तेही तिला तोंडघशी पाडून. आणि लेकीसमोर. जिला लहानपणापासून सांगितलं, तुझ्या आईच्या हातून एकही बाळ वाया गेलं नाही, त्या लेकीसमोर.

कार्तिकीनं धाग्याचं टोक टोपीच्या तोंडाशी नेलं.

सिस्टरना त्या टोपीच्या आतला देठ डोळ्यांसमोर दिसला, काळा, कडक, त्यांनी स्वतः वाळवलेला. वाळलेल्या भिंतीत धागा घुसवला तर भिंत फाटेल. रक्त पोटात जाईल. इतकं कळायला त्यांना नवीन शिक्षणाची गरज नव्हती.

"थांब!" त्या ओरडल्या. "कार्तिकी, थांब, घालू नको!"

कार्तिकीचा हात जागच्या जागी थबकला.

"टोपी मी काढली होती. काल सकाळी. ओलं दिसलं म्हणून पुसलं, कोरडं केलं. तू आलीस तेव्हा परत घातली. तुझी काही चूक नाही. सगळं मी केलंय."

कार्तिकीनं धागा मागं घेतला.

"आई," ईश्वरी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "तू माझ्या बाळाची टोपी काढलीस? कार्तिकीनं सांगितलं होतं, तू तिथंच बसली होतीस."

"अगं, मला वाटलं पिकतीय..."

"तू हिला हात लावू नकोस आता."

पडद्यावरचे मगदूम मध्येच बोलले. "सिस्टर, भांडण नंतर. मला सांगा, नाळ कशी आहे? तुम्ही बघितलीय, मी नाही."

सिस्टरनी डोळे पुसले आणि जन्मभर जसा वॉर्डात राउंडला रिपोर्ट दिला तसा दिला. "देठ काळा पडलाय, कडक झालाय. मुळाशी, पोटालगत, अजून ओलसर आहे. पू नाही, वास नाही. रक्त नाही."

"मुळाशी ओलसर. नक्की?"

"नक्की. सकाळी बोटानं चाचपलंय."

मगदूमांनी दाढी खाजवली. "धमन्यांची आशा सोडा, त्या लगेच आकसतात. पण नाळेत तिसरी वाट असते, नीला. ती सैल असते, उशिरा मिटते. मिठाच्या पाण्याची ओली पट्टी ठेवा मुळाशी, थोडी मऊ पडू दे, मग वरचा वाळका भाग कापून बघू. नीला सापडली तर मागच्या दारानं जाऊ. यकृतातून उजव्या कप्प्यात, तिथून मधल्या पडद्यातल्या खिडकीतून डावीकडं. नवजात बाळाची ती खिडकी अजून उघडी असते. मग डाव्या खालच्या कप्प्यातून वर झडपेत. लांबचा रस्ता आहे, वळणं जास्त आहेत, धागा हळू न्यावा लागेल. पण जातो. मी नेलाय पूर्वी."

"आणि नाही सापडली तर?" ईश्वरीनं विचारलं.

"तर मांडीतून. ते मला टाळायचंय." मग ते पुढं म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आत्ता बोललात हे फार बरं झालं. धागा माझ्या हातात होता."

सिस्टरना ते शब्द ऐकूही आले नाहीत. कार्तिकी मिठाच्या पाण्याची पट्टी तयार करत होती. सवयीनं सिस्टर एक पाऊल पुढं गेल्या आणि ईश्वरीकडं बघून तशाच मागं वळल्या. दार ओढून घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

दाराला काच होती. काचेतून ईश्वरीची पाठ दिसत होती, बाळंतपणानं अजून न सावरलेली, खुर्चीच्या काठावर बसलेली. बाळ दिसत नव्हतं.

आणि मग सिस्टरना त्यांची सासू आठवली.

ईश्वरी झाली तेव्हा सासूबाईंनी मोठ्या मायेनं नाळेवर हळद आणि करवंटीची राख लावली होती. सिस्टर नोकरीवरून बाळंतपणाची सुट्टी घेऊन घरी होत्या, अंगात नर्सचा ताठा होता. सगळ्या पाव्हण्यांसमोर त्यांनी ते पुसून काढलं आणि सासूबाईंना सुनावलं, "तुम्ही बाळाला हात लावायचा नाही." सासूबाई पुढचा महिनाभर बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या, आत न येता. एकदाच म्हणाल्या होत्या, "पद्मे, माझा हात एवढा वाईट आहे का गं?" सिस्टर तेव्हा काहीच बोलल्या नव्हत्या. आपण बरोबर होतो, मग काय बोलायचं, असं त्यांना वाटलं होतं. हळद चूक होती, यात आजही शंका नव्हती. पण एका म्हातारीला महिनाभर उंबऱ्यावर बसवायची गरज नव्हती, हे आज कळत होतं. सासूबाई जाऊनही आता किती वर्षं झाली होती. माफी मागायची तर कुणाकडं?

आतून मगदूमांचा आवाज येऊ लागला.

"कापा. अजून थोडं. हां, ते बघा, मधलं मोठं भोक, तीच नीला. मिटलेली वाटतेय, पण मिटलेली नाही, हळूच पुसून घ्या... सुटली. धागा द्या."

सिस्टर उठून काचेशी आल्या. पडद्यावर काळ्या पाण्यातून एक पांढरी रेघ सरकत होती. ती वर गेली, अडली, मागं आली, चुंबक घुर्रर्र करत फिरले, रेघेनं मान वळवली आणि पुन्हा वर गेली. यकृत गेलं. उजवा कप्पा आला. खिडकीशी रेघ दोनदा चुकली. तिसऱ्या वेळी आरपार गेली आणि कार्तिकीच्या तोंडून "गेली!" असं निघालंच. मगदूम तिच्यावर डाफरले नाहीत. तेही हसत होते बहुतेक.

झडपेत फुगा फुगला. क्षणभर पडद्यावर मध्येच बारीक कंबर असलेला एक छोटा ढोल दिसला, मग कंबर नाहीशी झाली. यंत्रावरचा, झडपेमागं तुंबलेल्या दाबाचा आकडा घसरला, घसरत राहिला आणि एका जागी थांबला.

"सुटल्या पाकळ्या," मगदूम म्हणाले. "थोडी गळती आहे झडपेत, तेवढी चालेल, लक्ष ठेवू. ईश्वरीताई, आता पाय बघा तिचे."

ईश्वरीनं पाळण्यात हात घातला. पाय हातात धरले. मग ती वाकली आणि ते इवले पाय डोळ्यांना लावून हमसून हमसून रडायला लागली. काचेबाहेर सिस्टर रडत होत्या. दोघींमध्ये ते दार तसंच बंद होतं.

जावई प्रणव पुण्याहून रात्रीच पोचला. सिस्टरना त्यानं वाकून नमस्कार केला आणि तो सरळ आत ईश्वरीकडं गेला. दुसऱ्या दिवशी बाकावर सिस्टरच्या शेजारी येऊन बसली ती कार्तिकी.

"माझ्यामुळं तुला खाली बघावं लागलं," सिस्टर म्हणाल्या. "खोटं पाडलं तुला."

"ते जाऊ द्या. सिस्टर, एक विचारू? आठवडा झाल्यावर आम्ही टोप्या गोळा करतो ना, त्यातल्या कित्येकांच्या आत औषध जसंच्या तसं असतं. म्हणजे आम्ही चढवून यायचं, आणि कुणीतरी काढून ठेवायचं. आम्हाला कळेना कोण काढतंय. आयांना विचारलं तर म्हणतात, आम्ही नाही." कार्तिकी थांबली. "आज्या काढतायत. मी समजावलं तर मलाच सुनावतात. म्हणतात, नाळ कोरडी ठेवायची, चौगुले सिस्टर सांगून गेल्यात."

ज्या पोरींच्या हातातून सिस्टरनी हळदीच्या वाट्या हिसकावल्या होत्या, त्या पोरी आता आज्या झाल्या होत्या. आणि सिस्टरचं वाक्य त्यांनी अगदी मनापासून पाळलं होतं. आपलं वाक्य इतकं मुरलेलं असेल याचा त्यांना कधी अभिमान वाटला असता. आता वाटला नाही.

"लसीकरणाचा दिवस कधी आहे?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी अंगणवाडीच्या व्हरांड्यात नाती-नातू घेऊन आलेल्या बायकांची ही गर्दी. सिस्टर दिसल्या तशा चार-पाच जणींनी सवयीनं हात पदराला पुसले. सिस्टर उभ्या राहिल्या. बसून बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

"नाळेचं मी सांगितलं होतं ते आठवतंय?"

"कोरडी ठेवायची, उघडी ठेवायची!" मागून दोघी-तिघींनी त्यांच्याच आवाजात म्हटलं आणि सगळ्या हसल्या.

"ते आता आठवडाभर विसरायचं," सिस्टर म्हणाल्या. "माझ्या नातीची टोपी मी काढली. माझ्या या हातानं. पोरगी जाता जाता वाचली."

हसू थांबलं. सिस्टरनी सगळं सांगितलं, वाडीवरच्या बाळापासून फाटक वाजल्यावर टोपी परत बसवण्यापर्यंत. काही लपवलं नाही, आणि स्वतःची बाजूही मांडली नाही.

मालन पोवार पुढं आली. तिच्या कडेवर गुटगुटीत नातू होता. "अवो सिस्टर, माझ्या हातातनं हळदीची वाटी हिसकून घेतलीसा तुम्ही. लगीन झाल्यावर पहिल्यांदा कोण माझ्यावर एवढं ओरडलं असंल तर तुम्ही!"

"घेतली होती. हळद आजही लावायची नाही, ते खरंच आहे. पण टोपी काढायची नाही. आठवडा झाला की कार्तिकी काढंल. मग पुन्हा माझं जुनं वाक्य."

"म्हंजे आठवडाभर कार्तिकीचं ऐकायचं, मग तुमचं?"

"माझं आता कुणी ऐकू नका बाई," सिस्टर म्हणाल्या. "कार्तिकीचंच ऐका." आणि त्यांचा आवाज फुटला. मालननं नातू दुसरीच्या हातात दिला आणि सिस्टरना धरून खाली बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सिस्टरना पाणी प्यायला लावलं.

बाळाला घरी सोडायची वेळ आली तेव्हा प्रणव म्हणाला, "ईश्वरी, पुण्याला जाऊ या. तिकडं माझी आई आहे." सिस्टरनी तोवर लेकीची बॅग भरूनही ठेवली होती. वर तिच्या आवडीच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा ठेवला होता. पण मगदूमांनी एवढ्यात लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं. तेव्हा ईश्वरी माहेरीच आली. माफ करून आली, असं काही नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आली, आणि घरात आली तशी बाळ घेऊन खोलीत गेली. सिस्टर स्वयंपाकघरात राहिल्या. डिंकाचे लाडू केले, मेथीची भाजी केली, ताट दारात ठेवलं आणि मागं फिरल्या.

सकाळी खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर दुपट्यात पोरगी हातपाय झाडत होती. पाय गुलाबी होते. टोपी गेली होती आणि नाळेचा उरलेला इवलासा तुकडा आता वाळायला मोकळा होता. ईश्वरीनं समोर फोन ठेवला होता, आणि फोनमधून कार्तिकीचा आवाज सांगत होता, "आता काही लावायचं नाही ताई. कोरडी ठेवायची, उघडी ठेवायची. लंगोट नाळेच्या खाली दुमडायचा."

ईश्वरी लंगोट दुमडत होती आणि तो पुन्हा पुन्हा वर सरकून नाळेवर येत होता. तिनं एकदा केलं, परत केलं, वैतागून सोडून दिलं. मग मान वर केली. उंबऱ्यावर तिची आई बसली होती, दोन्ही हात मांडीत, बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. ती केव्हापासून तिथं बसली होती कोण जाणे.

मग ईश्वरी पलंगाच्या एका कडेला सरकली आणि बाळाशेजारी जागा केली.

"हात धुतलेस का?" तिनं विचारलं.

सिस्टरनी हात आत्ताच धुतले होते, अजून ओले होते. तरी त्या उठल्या, मोरीवर गेल्या, आणि साबण लावून कोपरापर्यंत पुन्हा एकदा हात धुतले.